वर्षाच्या आत मदुराई

सगळी नोकरी मी एका कारखान्याच्या प्लॅनिंग खात्यात काढली. कुठल्या मशिनवर कोणता पार्ट कधी चढवायचा हे मी ठरवायचो आणि मशिनं निमूट ऐकायची. घरात मात्र या अधिकाराला कुणी विचारत नसे, आणि त्याला तसंच कारण होतं. लग्न नवं असताना मी नाशिक-त्र्यंबकची सहल आखली होती. स्टँडवर उतरून, दोन्ही हातांत बॅगा घेऊन आम्ही धर्मशाळेपर्यंत चालत गेलो, तर आमची खोली पुढच्या महिन्याच्या त्याच तारखेला राखून ठेवलेली निघाली. तिथल्या व्यवस्थापकाने आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि विचारलं, "मग, थांबताय का तोपर्यंत?" त्या दिवशी घरचं प्लॅनिंग खातं बायकोने आपल्या हातात घेतलं आणि माझी बदली सामान उचलण्याच्या खात्यात केली. तिथे मी पुढे सुखाने नोकरी केली.

गेल्या माघात ती गेली. सकाळी दूध तापत ठेवलं होतं तिने. पडल्याचा आवाज ऐकून मी स्वयंपाकघरात गेलो आणि आधी गॅस बंद केला. त्या दिवसातलं एवढंच मला स्वच्छ आठवतं, की मी आधी गॅस बंद केला.

नंतर मी रडलो नाही. रडवायचा प्रयत्न बऱ्याच जणांनी केला. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर कसं होतं बघा. ओठ जागेवर आहे की गेला, हे आपल्याला कळत नाही. चहा पितो तो हनुवटीवरून ओघळतो, आणि समोरच्याने "अहो, सांडतंय" म्हणून सांगावं लागतं. माझं तसं झालं होतं. फरक एवढाच की त्या डॉक्टरचं इंजेक्शन संध्याकाळपर्यंत उतरतं.

सासूबाई नारायण पेठेत एकट्या राहतात. ऐंशी ओलांडली आहे. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या आणि अजूनही समोरच्या माणसाकडे, याने कागदावर समास सोडलाय की नाही, अशाच नजरेने बघतात. बायको दर गुरुवारी बिबवेवाडीहून त्यांच्याकडे जायची. ती गेल्यावर मी जाऊ लागलो. जा असं कुणी सांगितलं नव्हतं, नको असंही कुणी म्हणालं नव्हतं. मी त्यांना आई म्हणतो, त्या मला अहो-जाहो करतात. आम्ही चहा घ्यायचो, खाली कोणाची स्कूटर कोणाच्या दारात लावली आहे यावर बोलायचो, आणि मी परत यायचो. आमच्या दोघांमध्ये जो विषय होता, तो आम्ही कधी काढला नाही.

त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं कामही असंच माझ्याकडे आलं. पडद्याचं दुखणं होतं. कडेचं राहतं आणि मधलं जात जातं. त्या स्वतः हे फार सोपं करून सांगत. "तुमचं नाक गेलंय हो," एकदा माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "कान आहेत अजून." पावसाळा संपता संपता डॉक्टर म्हणाले, "आजी, काही बघायचं राहिलं असेल तर यंदाच बघून घ्या. वाट बघू नका."

जिना उतरताना, कठडा धरून, सासूबाई म्हणाल्या, "मदुराई तेवढी राहिली. नेते म्हणाली होती."

कोण म्हणाली होती हे विचारायची गरज नव्हती. मदुराईचं मला ठाऊक होतं. त्यांच्या चित्रकलेच्या वर्गात मीनाक्षीच्या देवळाच्या गोपुराचा एक मोठा तक्ता होता, त्यांनीच एका काळ्यापांढऱ्या छायाचित्रावरून काढलेला. त्यात रंग त्यांनी अंदाजाने भरले होते. मुलींच्या कितीतरी तुकड्यांनी तो तक्ता समोर ठेवून गोपूर रंगवलं. नोकरी संपल्यावर कुणीतरी त्यांना म्हणालं, "बाई, आम्ही जाऊन आलो. ते तसं नाहीच आहे." तेव्हापासून ते त्यांच्या मनात रुतलं होतं. देवदर्शन त्यांना फार मोठं वाटत नसे. आपण इतकी वर्षं पोरींना चुकीचे रंग शिकवले का, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. आणि आता ते डोळेच निघाले होते.

मी घरी आलो आणि ठरवलं की आपण न्यायचं. हे ठरवताना मला काही वाटलं, असं नाही. मशिन रिकामं दिसलं की त्यावर काम चढवायचं, तसं मी चढवलं. आणि सासूबाईंना आधी सांगायचं नाही, अचानक तिकीट समोर ठेवायचं, असंही ठरवलं. माझ्या आयुष्यातली सगळी सरप्राइजं शेवटी मलाच मिळालेली आहेत, हे त्या वेळी लक्षात आलं नाही. त्यांना फक्त म्हटलं, "दिवाळीनंतरच्या आठवड्यात मोकळ्या राहा. एक काम आहे."

"मी केव्हा बांधलेली असते?" त्या म्हणाल्या.

मग मी कामाला लागलो. विमानाची तिकिटं काढली, बंगळुरूमार्गे, परत न होणारी, कारण ती स्वस्त होती. मुक्काम दोन रात्री. पहिल्या दिवशी सकाळी देऊळ, दुपारी विश्रांती, संध्याकाळी पुन्हा देऊळ. दुसऱ्या दिवशी नायक राजांचा राजवाडा आणि मोठं तळं. तिथे जिगरठंडा नावाचं एक दुधाचं पेय मिळतं, ते प्यायचं. नावाचा अर्थ, काळीज गार करणारं. म्हटलं, माझं आधीच गार आहे, मी सोडलं तरी चालेल.

मुलगी बंगळुरूला असते, आयटीत. तिला फोन केला.

"मी ट्रेनने येते, बाबा. तुम्ही तिथे भेटा," ती म्हणाली. "पण छत्र्या घ्या. नोव्हेंबरमध्ये तिकडे पाऊस असतो."

"नोव्हेंबरमध्ये?"

"नॉर्थ-ईस्ट मॉन्सून. शाळेत शिकवतात."

"आमच्या शाळेत नैऋत्येचाच होता."

"आणि आजीला विचारलंय ना? शी इज ओके विथ ऑल धिस?"

"सरप्राइज आहे."

मग ती म्हणाली, "ओके. तुम्ही म्हणताय तर."

दिवाळी तोंडावर आली. एका सकाळी शेजारच्या काकू डबा घेऊन दारात उभ्या. चकल्या, लाडू, चिवडा, सगळं भरलेलं.

"फराळ आणलाय. तुमच्याकडे यंदा करायचा नाही ना."

"कशाला त्रास घेतला? चकल्या मी विकत आणणारच होतो."

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या हनुवटीवरून काहीतरी ओघळत असावं. मग त्यांची नजर आत टेबलावर गेली. तिथे बॅग उघडी होती, तिच्यावर दोन छत्र्या आणि मदुराईचा नकाशा.

"कुठे निघालात?"

"मदुराईला. सासूबाईंना घेऊन. मीनाक्षीचं देऊळ."

"देवळात? अहो, वर्षाच्या आत?"

मी तिथे, दारात, हातात फराळाचा डबा धरून उभा होतो आणि मला ते पहिल्यांदा कळलं. घरातलं माणूस गेलं की वर्षभर घरात सण करत नाहीत, यात्रा करत नाहीत, देवळाची पायरी चढत नाहीत. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं, दुसऱ्यांच्या घरांसाठी. पाडव्याला आमच्याकडे गुढी उभी राहिली नाही तेव्हा मला वाटलं होतं, काठी सापडत नसेल. गणपती पुतण्याने परस्पर आपल्याकडे बसवला तेव्हा मला वाटलं, पोरगा समंजस झाला. सगळं पुणं माझं सुतक पाळत होतं. मला एकट्याला त्याची कल्पना नव्हती.

काकू गेल्यावर मी एक चकली खाल्ली. चांगली खुसखुशीत होती. मग बाराव्या-तेराव्याला आलेल्या गुरुजींना फोन लावला. माझ्या डोक्यात एक युक्ती आली होती. माझ्या युक्त्या अशा वेळी हमखास येतात. पुढे घरात लग्न असेल तर वर्षश्राद्ध आधी उरकून घेतात, असं मी पाहिलेलं होतं.

"गुरुजी, वर्षश्राद्ध जरा अलीकडे घेता येईल का?"

"येतं की. कार्य निघालं का घरात? मुलीचं ठरलं?"

"नाही. सहल आहे."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ती पूर्ण होईपर्यंत गुरुजी थांबले.

"काय आहे म्हणालात?"

"सहल. मदुराईची. तिकिटं परत घेत नाहीत ते."

"विमानाची?"

"हो."

"हे बघा. शास्त्रात सोय आहे, पण ती मंगलकार्यासाठी. विमान कंपन्यांचा उल्लेख माझ्या तरी वाचनात नाही." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "कुणासाठी जायचंय?"

"सासूबाईंसाठी. त्यांची नजर जातेय."

"मग त्यांची अडचणच नाही. लेक दिल्या घरची. आईला तीन दिवस, ते केव्हाच सरले. वर्ष आहे ते तुमचं. त्यांना दुसऱ्या कुणाबरोबर पाठवा."

"दुसरं कुणी नाही."

"मग घ्या अलीकडे. अडलेल्याला मी नाही म्हणत नाही. दिवाळी झाली की लगेचचा गुरुवार मोकळा आहे माझा."

"लिहून ठेवा," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि, खरं सांगतो, मला बरं वाटलं. कारखान्यात पुढच्या महिन्याचं काम या महिन्यात ओढलं की वाटायचं तसं. बायकोचं वर्ष मी अलीकडे ओढलं आणि नकाशावर राजवाड्याला पेनाने गोल केला.

गुरुवारी नारायण पेठेत गेलो. सासूबाई खिडकीशी मेथी निवडत बसल्या होत्या. डोळ्यांनी नव्हे, बोटांनी. मी तिकिटं समोर ठेवली. त्यांनी ती उचलून कडेला धरली, जिथून त्यांना दिसतं तिथे, आणि मान तिरकी करून वाचली. बराच वेळ वाचली.

"मदुराई," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर जे आलं ते मी त्या माघापासून बघितलं नव्हतं. आणि मग लगेच गेलंही. "पण ही तारीख तर वर्षाच्या आतली आहे."

"त्याची काळजी नको. गुरुजींशी बोललोय. वर्ष आधी उरकून घेतोय. गुरुवार मिळालाय."

मेथी निवडणारी बोटं थांबली.

"वर्ष म्हणजे काय गॅसचा नंबर आहे, आधी लावायला?"

"तशी सोय असते, आई. आणि तुम्हाला तर बंधनच नाही. गुरुजी म्हणाले, तुमचे तीनच दिवस."

"ठाऊक आहे. मलाही सांगितले होते त्यांनी. तीन दिवस." त्यांनी काडी मोडून बाजूला टाकली. "चौथ्या दिवशी समोरच्यांकडून सत्यनारायणाच्या प्रसादाचं बोलावणं आलं मला. त्यांचं चुकलं नाही, नियमात बसत होतं. मी म्हटलं, येत नाही. तेव्हापासून देवळात गेले नाही, घरात गोड केलं नाही. कुणी सांगितलं नव्हतं. वर्ष मी माझ्या मनाने धरलंय. मला कुणी दिलेलं नाही ते. शास्त्राने तुम्हाला दिलं. आणि तुम्ही विसरलात."

"हो," मी म्हटलं.

माझ्याकडे सहसा सबब असते. नाशिकला होती, की महिन्याचा सहाचा आकडा पाचासारखा दिसत होता. या वेळी शोधली, तर सापडली नाही.

"हो काय, हो?"

"म्हणजे, विसरलो. आई, मला काही वाटतच नाही. वाटलं असतं तर आठवलं असतं ना. मी झोपतो, उठतो, चकल्या खातो. शेजारच्या काकूंनी सांगितलं तेव्हा कळलं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, म्हणजे माझ्या कानांकडे. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"हं," त्या म्हणाल्या. "चहा टाका."

मी टाकला. दूध वर यायच्या आत गॅस बंद केला. हल्ली मी तो नेहमी आधीच बंद करतो, त्यामुळे आमच्या दोघांचा चहा जरा कच्चाच होतो. त्या कधी बोलल्या नाहीत.

चहा घेता घेता त्यांनी निकाल दिला. "तिकिटं गेली तर गेली. तिचं वर्ष पळवायचं नाही. माघात रीतसर होईल ते होऊ दे, मग बघू."

"डॉक्टर काय म्हणाले ऐकलंत ना? वाट बघू नका."

"ऐकलं. कान शाबूत आहेत माझे."

"माघापर्यंत राहील का?"

"राहिलं तर राहिलं. नाही तर तुम्ही जा आणि मला येऊन सांगा, कोणता रंग कुठे आहे."

"मी? मला राणी आणि डाळिंबी यातला फरक कळत नाही."

"तेही खरंच," त्या म्हणाल्या आणि कपातल्या चहाकडे बघत बसल्या. खाली कुणीतरी कुणाला तरी स्कूटर काढायला सांगत होतं. एरवी आम्ही त्यावर बोललो असतो.

कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "अहो, ती गोपुरं असतात कुठे? देवळाच्या आत की बाहेर?"

आता बघा. मी विमान ठरवलं होतं, खोली ठरवली होती, राजवाडा किती वाजता उघडतो ते पाठ केलं होतं. गोपूर आत की बाहेर, हे मला माहीत नव्हतं.

"तुमच्या तक्त्यात नव्हतं का?"

"तक्त्यात खालचा भाग नव्हताच. शाळेकडून तेवढा कागद मिळाला नाही, म्हणून पायथा कापला होता मी. वरचंच काढलं. बघा ना तुमच्या फोनवर."

मी बघितलं. चार मोठी गोपुरं, चार दिशांना, बाहेरच्या भिंतीवर. प्रत्येकासमोर रस्ता. रस्त्यावर दुकानं, माणसं, रिक्षा.

"बाहेर आहेत," मी म्हटलं. "रस्त्यावरून दिसतात. खूप लांबूनही दिसतात."

"मग आत कशाला जायचंय?"

मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्या चित्रकलेच्या बाई झाल्या होत्या. पाठ ताठ, आवाज वर्गातला.

"आत जायचं नाही. दाराशी चपला काढायच्या नाहीत, हात जोडायचे नाहीत, प्रसाद नाही, फुलं नाहीत. यात्रा नाहीच ही. रस्त्यावर उभं राहून समोर दिसेल ते बघायला काही शास्त्राला विचारावं लागत नाही. नात येणार असेल तर तिलाही सांगा, तिनेही नाही जायचं. तिचंही वर्ष आहे."

"एवढं मदुराईला जाऊन देवळात नाही जायचं?"

"वर्ष झालं की जाऊ आत."

"आणि तेव्हा तुम्हाला काही दिसलं नाही तर?"

"देवीला मी दिसले म्हणजे झालं," त्या म्हणाल्या आणि मेथीची जुडी पुन्हा पुढे ओढली.

मी बाहेर येऊन गुरुजींना फोन केला.

"गुरुजी, तो गुरुवार सोडा."

"सहल रद्द?"

"नाही. देऊळ रद्द. सासूबाई म्हणतात, बाहेरून बघायचं."

"चालतं. कळसाचं दर्शन बाहेरूनही घडतं."

"दर्शन नाही. नुसतं बघणार."

गुरुजींनी विचारलं, "पुण्याच्याच ना त्या?"

"नारायण पेठ."

"मग बरोबर आहे," ते म्हणाले.

सगळा बेत पुन्हा आखावा लागला, आणि आखता आखता कळलं की देवळात न जाता देऊळ बघणं हे जाण्यापेक्षा अवघड काम आहे. आधीची खोली स्टेशनजवळ होती. आता गोपूर दिसेल अशी हवी होती, शिवाय लिफ्ट हवी, कारण सासूबाईंचे गुडघे डोळ्यांच्या थोडेच मागे आहेत. मी एकेका लॉजला फोन करून विचारत बसलो. माझं हिंदी त्यांना कळेना, त्यांचं इंग्रजी मला.

"टेंपल व्ह्यू फुल, सर. पार्किंग व्ह्यू अव्हेलेबल."

"पार्किंगमधून टेंपल दिसतं का?"

"पार्किंगमधून पार्किंग दिसतं, सर."

शेवटी एक भला माणूस भेटला. खोलीतून फक्त पाण्याच्या टाक्या दिसतील, पण गच्चीवरून दक्षिणेचं गोपूर अगदी समोर आहे, लिफ्ट गच्चीपर्यंत जाते, वर खुर्च्या टाकून देतो, असं म्हणाला. पावसाचं विचारलं तर म्हणाला, "सकाळी नसतो. बहुतेक." मी राजवाडा काढून टाकला, तळं काढून टाकलं. दोन्ही सकाळी गच्ची. जिगरठंडा ठेवलं. ते रस्त्यावर मिळतं, त्याला वर्षाची आडकाठी नसावी.

मग सासूबाईंचा फोन आला. "रंगाच्या दुकानातून ते कार्ड आणा. भिंतींचे रंग दाखवतात ना, तसलं. सगळे रंग असलेलं. मी बघून सांगत जाईन, तुम्ही खुणा करा. डोळ्यांचा भरवसा नाही, पुढे कुणी विचारलं तर हातात काहीतरी हवं."

बिबवेवाडीत कोपऱ्यावर रंगाचं दुकान आहे. दुकानदाराने जाडजूड कार्ड काउंटरवर उलगडलं. "कुठली खोली रंगवायची?"

"खोली नाही. देऊळ."

"अख्खं?"

"फक्त बाहेरून."

तो एकदम आदराने बोलू लागला. चहा मागवतो म्हणाला. मी कार्ड घेऊन घाईने निघालो.

निघायच्या दिवशी सकाळी टॅक्सी घेऊन नारायण पेठेत गेलो. सासूबाई तयार होऊन जिन्याच्या तळाशी उभ्या होत्या, पिशवीत छत्री आणि पाण्याची बाटली. गाडीत बसल्या बसल्या म्हणाल्या, "कार्ड?" मी दिलं. त्यांनी ते उलगडून मांडीवर घेतलं आणि डोळ्यांच्या कडेने एकेक पट्टी बघू लागल्या. रंगांची नावं इंग्रजीत होती, सकाळचं धुकं, उन्हाळी वारा, अशा अर्थाची. त्यांना ती मान्य नव्हती.

"वारा कसला, श्रीखंडी आहे हा. हा अबोली. हा आमसुली. हा कुठला, सांगा?"

"निळा."

"निळा! चिंतामणी म्हणतात याला. घरात एवढ्या साड्या होत्या, तुम्ही बघत काय होता?"

खरं सांगायचं तर बघत नव्हतो. येरवड्याच्या अलीकडे नदीवरच्या पुलावर गाडी अडकली. समोर लांबवर लाल दिवे होते. त्या कार्डावर बोट फिरवत होत्या, मी त्यांचं बोट बघत होतो. एका पट्टीवर ते थांबलं.

"हा?"

"हिरवा," मी म्हटलं. आणि मग, कसं कुणास ठाऊक, तोंडातून निघालं, "तिला नेलं तेव्हाची साडी अशीच होती ना. हिरवी."

आम्ही त्या विषयावर आजवर बोललो नव्हतो.

"हिरवी नव्हती ती," सासूबाई म्हणाल्या.

"हिरवीच असते ना? सवाष्णीला हिरवी नेसवतात."

"नेसवतात. माहेरची लागते म्हणून मी आणली. पण हिरवी माझ्याकडे नव्हती. दुकानं उघडली नव्हती अजून. मोरपंखी होती कपाटात, तिची आवडती. बायका म्हणाल्या, चालेल, हिरव्यातलाच आहे." त्यांनी बोट पट्टीवर जरा दाबलं. "हाच. अगदी हाच. तेव्हा मला मधलंही दिसत होतं."

मी त्या पट्टीकडे पाहिलं. हिरव्यात निळा, किंवा निळ्यात हिरवा. इतके महिने माझ्या डोक्यात ती हिरव्या साडीत होती, कारण सगळे तसंच सांगतात. मी तिथे, तिच्याशेजारी उभा होतो, आणि मी ते बघितलं नव्हतं. मला वाटलं, आता काहीतरी होईल. काही झालं नाही. पुढची गाडी हलली, आमची हलली, पूल मागे गेला.

मी खिशातून पेन काढलं आणि मोरपंखीवर छोटी फुली केली.

"आत्ताच कशाला?" त्या म्हणाल्या. "अजून गोपूर कुठे बघितलंय?"

"असेल ना तिथे कुठेतरी."

त्यांनी कार्ड डोळ्यांच्या कडेला नेऊन ती फुली पाहिली.

"असेल," त्या म्हणाल्या. "मी तक्त्यात घातला नव्हता. बघू."